टरफलानं मोजलेलं पाणी

"अहो, अहो! चहा प्यायचा सोडून त्यात वाट्या काय विसळताय?"

शेवंतीकाकीचा आवाज मुळातच खळ्यातून माडाच्या शेंड्यावर पोचणारा. शेजारच्या दोन टेबलांवरची माणसं माना वळवून बघायला लागली. जनूकाकांचं मात्र लक्ष नव्हतं. वेट्रेस चहाची किटली टेबलावर आपटून गेली होती. काकांनी ती उचलली, कढत चहा काकीच्या वाटीत ओतला, त्यात चमचा फिरवला, चॉपस्टिकची टोकं बुडवली, वाटी हातातल्या हातात गोल फिरवली आणि सगळं पाणी मधल्या मोठ्या भांड्यात ओतून दिलं. मग माझी वाटी. मग स्वतःची.

"इथं तसंच करतात, काकी," मी म्हटलं. "पद्धत आहे."

"पद्धत असेल रे बाबा. पण एकोणचाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं स्वतःचा पेला कधी विसळला नाही, आणि आज माझी वाटी धुतोय! माझं काही बरंवाईट तर व्हायचं नाही ना?"

काका गालातल्या गालात हसले आणि धुतलेली वाटी तिच्यासमोर ठेवली.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तेव्हा मी हाँगकाँगला एका बँकेच्या कॉम्प्युटर खात्यात होतो आणि काका-काकी माझ्याकडे पंधरा दिवसांसाठी आले होते. आई मला आठवत नाही, आणि वडील मी चौथीत असताना गेले. जयगडच्या खाडीकाठच्या घरात मला वाढवलं ते या दोघांनी. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं, त्यामुळे लाड आणि मार दोन्ही मला एकट्यालाच मिळाले. काका सव्वीस वर्षं मालवाहू बोटींवर भंडारी होते. भंडारी म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी. काकी मात्र चारचौघांत त्यांना 'आमचे कप्तान' म्हणायची. "आमच्या कप्तानांनी जगभरच्या समुद्रात कांदे चिरले," हे तिचं ठरलेलं वाक्य.

त्या शनिवारी दुपारी मी त्यांना घराजवळच्या मॉलमध्ये पाचव्या मजल्यावरच्या एका हॉटेलात घेऊन गेलो. गावभर वीसेक शाखा असलेलं ते साधंसुधं हॉटेल. चकचकाट नाही, लाल कंदील नाहीत, भिंतीवर ड्रॅगन नाही. आपल्याकडे कोकणात रस्त्याकडेला 'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी असते ना, तशातला प्रकार. इथल्या आया घरी जे कँटोनीज जेवण रांधतात तेच मिळायचं. म्हटलं, दोघांच्या पोटाला सोसेल.

पण काकी हाँगकाँगला का आली होती, ते आधी सांगायला हवं.

एकोणऐंशी साली काकांना बोटीवर कावीळ झाली. बोट त्यांना हाँगकाँगच्या इस्पितळात टाकून पुढं निघून गेली. तीन आठवडे इस्पितळ झालं, आणि कंपनीनं दुसऱ्या बोटीवर घेईपर्यंत पुढचे चार महिने काका तिथंच राहिले. कुठं, तर खलाशांच्या हॉस्टेलात. ही हकिकत ते नेहमी त्याच शब्दांत सांगायचे. घंटा व्हायची, रांगेत उभं राहायचं, उकडलेले बटाटे आणि पाव घ्यायचा. संपली हकिकत.

काकीची हकिकत वेगळी होती. "कसलं हॉस्टेल नि कसलं काय! तिकडे माझी सवत आहे," ती म्हणायची. पोस्टमन दारात आला की "बघा हो, सवतीचं पत्र असेल." काका अंगणात उभे राहून खाडीकडे बघत राहिले की "आली का सवतीची होडी?" दिवाळीत एक करंजी जास्त झाली की "ठेवा ती सवतीसाठी." आळीतल्या बायका हसायच्या, मी हसायचो, काकासुद्धा हसायचे. आमच्या घरातली ती पाळीव थट्टा होती.

मला बरा पगार सुरू झाल्यावर मी काकीला विचारलं, कुठं फिरायला जायचं? काशी, रामेश्वर, कुठंही. ती म्हणाली, "हाँगकाँग. मला ते हॉस्टेल बघायचंय."

आल्यापासून चार दिवस काका ते दाखवायचं टाळत होते. एकदा गुडघा दुखला. एकदा ऊन लागलं. एकदा म्हणाले, पाडलं असेल ते, आता काय राहिलंय तिथं. आणि त्याच शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात पोहे परतताना काकी माझ्याशी हळू आवाजात बोलली, जे तिला सहसा जमत नाही. "उदय, तुझे काका ते चार महिने कुठं होते ते मला एकदा कळायला हवं. माझी साठी आली रे. न कळता मरायचं नाहीये मला."

मी दात काढले. म्हटलं, "सवतीचा पत्ता मिळाला तर तिलाही जेवायला बोलवू."

काकीनं झाऱ्यानं पोहे जरा जास्तच जोरात परतले, एवढंच मला आठवतं.

तर हॉटेलात. मेनूकार्डावर पदार्थांचे फोटो आणि खाली चिनी अक्षरं. मी पाच वर्षं त्या शहरात राहून जेवण नंबरानं मागवायचो. अठरा नंबर म्हणजे फोडणीच्या भातासारखा भात, बावीस नंबर म्हणजे नूडल्स. काकांनी चष्मा लावला, कार्डावरून एकदा नजर फिरवली, चष्मा काढला आणि वेट्रेसला बोटानं दाखवत गेले. हे, हे, हे आणि हे.

"डुकराचं काही नको हां," काकीनं बजावलं.

"नाही गो. मासा आहे, अंडं आहे, पालेभाजी आहे, सूप आहे."

वेट्रेस पन्नाशी ओलांडलेली बाई होती. कानावर पेन्सिल, कपाळाला आठ्या. तिनं काकांच्या कपात चहा ओतला तेव्हा काकांनी दोन बोटांनी टेबलावर टकटक केलं.

"टेबलाला गुदगुल्या कशाला करताय?" काकी म्हणाली.

"आभार मानतो तिचे. इथं बोटानं मानतात."

वेट्रेस थबकली. काकांकडे बघून तिनं काहीतरी विचारलं, आणि काकांनी तिला उत्तर दिलं. कँटोनीजमध्ये! दोनच शब्द, पण ते असे सहज निघाले की मी आ वासून बघत राहिलो. बाईच्या आठ्या सैल झाल्या. ती हसून आत गेली.

"काय विचारलं तिनं?" मी म्हटलं.

"भात आधी आणू की बरोबर आणू. बरोबरच आण म्हटलं."

"घ्या!" काकीनं कपाळाला हात लावला. "आमच्या उदयला पाच वर्षांत भात मागता येत नाही, आणि कप्तान बघा. एवढी भाषा कुठं शिकलात हो?"

"बंदरात कानावर पडतं."

"मग सिंगापूरचं पडलं नाही ते? रॉटरडॅमचं?"

काका चहा प्यायला लागले. चहा भलताच कढत होता, तरी प्यायला लागले.

आधी सूप आलं. पाणथळ जागी उगवणारा कसलासा हिरवा पाला तासन्‌तास शिजवून केलेलं. मग मासा आला. लांबट पांढऱ्या ताटात अख्खाच्या अख्खा. अंगावर हळद नाही, तिखट नाही, तव्याचा डाग नाही. वर आल्याच्या बारीक काड्या, पातीचा कांदा आणि खाली सोया सॉसचं पातळ पाणी.

काकीनं मासा या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला. कोकणातल्या बाईनं मासा न्याहाळणं म्हणजे सोनारानं नथ न्याहाळणं. "उदय," ती गंभीरपणे म्हणाली, "त्या बाईला विचार, हा मासा आजारी होता का? आजाऱ्याला घालतात तसं जेवण दिसतंय. की आजाऱ्याला घालायचंच आहे हे?"

"खाऊन तर बघ," काका म्हणाले. त्यांनी चमच्याच्या टोकानं माशाच्या डोळ्याखालचा मऊ पांढरा तुकडा अलगद सोडवला आणि काकीच्या वाटीत ठेवला.

काकी त्या तुकड्याकडे बघतच राहिली. "हे काय?"

"गालाचं मांस. सगळ्यांत चांगलं असतं. मानाच्या माणसाला देतात."

"अस्सं! इतकी वर्षं डोकं तुमच्या पानात आणि शेपूट माझ्या. आज अचानक मी मानाची झाले?"

"खा गो!"

तिनं खाल्लं. दोनदा जीभ फिरवली. मला ठाऊक आहे, तिला आवडलं होतं, पण मान्य करील तर ती शेवंतीकाकी कसली? "मीठ बरं आहे," एवढंच म्हणाली.

मग वेट्रेस भाताच्या वाट्या घेऊन आली. एकेक वाटी समोर ठेवत ती काकांकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "सिक फान! सिक फान!"

काका चटकन ताठ बसले, दोन्ही हातांनी वाटी जवळ ओढली आणि मान खाली घातली. ओठांवर बारीक हसू. असं हसू मी त्यांच्या तोंडावर पूर्वी पाहिलं नव्हतं. आणि काकीनंही पाहिलं नसावं, कारण तिचा हात भातापर्यंत जाऊन थांबला.

"काय म्हणाली ती?"

"जेवायला बसा म्हणाली. घरात हाक मारतात ना, जेवायला चला, तसं."

"तुम्हांला बरं पाठ आहे."

"हॉस्टेलात म्हणायचे."

"हॉस्टेलात तर घंटा व्हायची," काकी म्हणाली.

ती हसतच म्हणाली होती. मीही हसलो. काकांनी सुपाचा चमचा तोंडात घातला आणि जरा वेळ तो बाहेरच काढला नाही.

आता मागवलेल्यांपैकी अंडं आणि पालेभाजी राहिली होती. अंडं आधी आलं. उथळ बशीत पिवळंधमक, गुळगुळीत, टेबलाला धक्का लागला की थरथरणारं.

"हा काय, खरवस?" काकी खूश झाली. "गाय व्यायली वाटतं यांची."

"अंडं आहे ते. पाणी घालून फेटायचं आणि वाफवायचं." काकांनी चमचाभर उचललं, उजेडाकडे धरलं, जिभेवर ठेवलं आणि नापसंतीनं मान हलवली. भंडाऱ्याची जीभ ती, रिटायर होते थोडीच! मघापासूनचं अवघडलेपण विसरून ते एकदम रंगात आले. "जाळी पडलीय बघ. पाणी फार गरम घातलं यांनी. कोमट घालायचं असतं. आणि मापात. अंडं फोडलं की अर्धं टरफल टाकून द्यायचं नाही, त्यानंच पाणी मोजायचं. एका अंड्याला तीन टरफलं. वर ताटली झाकायची म्हणजे वाफेचं पाणी आत पडत नाही. आरशासारखं उतरतं, आरशासारखं!"

काकीनं चमचा खाली ठेवला.

"कुणी शिकवलं?"

"बोटीवर करायचो."

"बोटीवर किती माणसं होती?"

"पस्तीस. कधी अडतीस."

"म्हणजे साठ-सत्तर अंडी," काकी म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता, सकाळी स्वयंपाकघरात होता तसा. "पस्तीस माणसांच्या रांधपात पाण्याला तांब्या असतो, बालदी असते. मीही लग्नाकार्यात रांधलंय हो. टरफलानं पाणी कोण मोजतं? जी एका माणसासाठी एक अंडं फोडते, ती मोजते."

काकांनी चमचा बशीच्या कडेला टेकवला.

"तुम्ही उभे राहून बघत होतात तिला. त्याशिवाय ताटलीपर्यंतचं सगळं कळायचं नाही."

वेट्रेस लसूण घातलेली पालेभाजी ठेवून गेली. कुणी हात लावला नाही. मला अजून वाटत होतं की हे त्या जुन्या थट्टेचंच शेपूट आहे. मी म्हणालोसुद्धा, "काकी, पुरे आता, घाम फुटला बघ कप्तानांना."

"त्या हॉस्टेलात मी नऊ दिवस होतो," काका म्हणाले.

ते माझ्याशी बोलत नव्हते. काकीशीही नाही, त्या अंड्याच्या बशीशी बोलत होते.

"आमच्या बोटीवर लाम म्हणून फिटर होता, इथलाच. ती बोट परत इथं लागली तेव्हा तो मला बघायला आला. मी बटाटेसुद्धा ओकत होतो. तो मला उचलून घरी घेऊन गेला. एक खोली. त्यात त्याची बहिरी आई आणि बहीण. लाम चार दिवसांनी परत बोटीवर गेला. मी राहिलो."

"बहीण केवढी?"

"तिशीची असेल. नवरा वारलेला. प्लॅस्टिकच्या फुलांच्या कारखान्यात जायची. जायच्या आधी माझ्यासाठी पेज करून ठेवायची, आल्यावर हे असं काहीतरी. अंडं, मासा, हे सूप. तेलकट नाही, तिखट नाही. तीन महिन्यांनी माझे पिवळे डोळे पांढरे झाले."

"नाव काय तिचं?"

"फंग."

काकीनं ते नाव तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून बघितलं. मग विचारलं, "तुमचं लग्न झालंय हे तिला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुझा फोटो दाखवला. तिनं पदरानं... पदर नाही, ते काय घालतात ते, त्यानं पुसून परत दिला."

"बरं. आणि?"

"आणि काही नाही गो. देवाशप्पथ काही नाही." काकांनी कप फिरवून ठेवला. "पण लाम परत आला तेव्हा तो म्हणाला, बहीण विचारतेय, तू इथंच राहतोस का? गोदीत काम मिळवून देतो म्हणाला. कंपनीची तारही त्याच आठवड्यात आली होती, बोटीवर हजर व्हा म्हणून."

"मग तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

"लगेच?"

खोटं बोलायचं तर तेव्हा बोलता आलं असतं. एक 'हो' पुरला असता. मी मनात म्हणत होतो, म्हणा काका, म्हणा.

"दोन दिवसांनी," काका म्हणाले.

काकी मागं टेकून बसली. "काकी," मी म्हटलं, "पण तू तर गंमत करायचीस. इतकी वर्षं..."

"गंमत केली की विचारल्यासारखं होतं, उदय," ती म्हणाली. "आणि उत्तर नाही मिळालं तरी चालतं." मग काकांकडे वळून म्हणाली, "तुमची पत्रं बंद झाली होती तेव्हा. सासूबाईंनी देवीला कौल लावला, जनू येतो का म्हणून. डावा आला. त्या घरी गेल्या. मी मागं थांबले, गुरवाच्या हातापाया पडले आणि परत लावायला लावला. मी काही कौल-बिल मानणारी बाई नाही. पण उजवा येईपर्यंत उठले नाही तिथून."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. काकांच्या चेहऱ्यावरून, तेही.

"एवढं चांगलं रांधणारी होती," काकी म्हणाली. "मरणातून उठवलं तुम्हांला. काम मिळत होतं. पोर ना बाळ, तुमचं घरी अडलं काय होतं? परत का आलात?"

"तू हसशील."

"मी आज हसत नाहीये."

काकांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. "ती फार चांगली होती गो. चार महिन्यांत वाकडा शब्द नाही. एकदा माझ्या हातून तिची वाटी फुटली. नवीकोरी. तिनं हसून तुकडे गोळा केले आणि झालं. मी तिथं उभा राहिलो, आणि मला वाटलं, शेवंता असती तर या वाटीवरून आठ दिवस बोलली असती. आल्यागेल्याला सांगितलं असतं, आमच्या कप्तानांनी वाटी बुडवली म्हणून. मग पडल्या पडल्या मी तेच करायला लागलो. तू काय काय बोलली असतीस ते मनातल्या मनात जुळवायचो. पण मला तुझ्यासारखं जमायचं नाही. माझी खोडी काढणारं तिथं कुणी नव्हतं. मला करमेना."

काकीनं भाताची वाटी बाजूला सारली.

"तेवढ्यासाठी?" शेवटी ती म्हणाली.

"तेवढ्यासाठीच. दोन दिवस लागले, ते कळायला लागले."

"आणि आल्यावर सांगितलं का नाही?"

"सांगणारच होतो. ट्रंक घेऊन दारात आलो, आणि उंबऱ्यातच तू म्हणालीस, 'आलात का? सवतीनं सोडलं वाटतं!' मला वाटलं, हिला कळलं. मग बघतो तर सगळ्या बायका हसतायत, तूही हसतेयस. म्हटलं, थट्टा आहे." काकांनी रुमालाची घडी घातली. "त्यानंतर धीर झाला नाही. खरं सांगितलं असतं तर तू थट्टा करायची थांबली असतीस."

आणि काकी थांबलीच की. नुसती बसून राहिली, हात मांडीवर ठेवून. माझ्या जन्मात मी त्या बाईला जेवणाच्या पानावर एवढा वेळ गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. वडील गेले तेव्हासुद्धा ती मला घास भरवताना बोलत होती, रडत होती आणि बोलत होती. माझं मलाच वाटायला लागलं की कुठून सुचली आपल्याला या हॉटेलात यायची बुद्धी! भात गार होत होता. माशावरचं आलं सुकत चाललं होतं. वेट्रेस एकदा येऊन कपांत चहा ओतून गेली, काकांनी टकटक केलं नाही.

"बोल ना गो काहीतरी," काका म्हणाले.

काकी बोलली नाही.

"शिव्या दे हव्या तर."

नाही.

काकांना काय करावं सुचेना. त्यांनी समोरच्या चॉपस्टिक उचलल्या आणि त्या अंड्यात घातल्या. चमच्यानं खायची वस्तू ती, काड्यांवर राहते थोडीच! पहिल्यांदा उचललं, ते बशीतच पडलं. दुसऱ्यांदा टेबलावर. काका हट्टानं खाली वाकून पुन्हा उचलायला गेले. तिसरा गोळा तोंडापर्यंत पोचला, ओठाला लागला आणि सुळकन घसरून त्यांच्या नव्या पांढऱ्या शर्टावर पडला. मी पर्यटनासाठी म्हणून घेऊन दिलेला शर्ट तो. पिवळा ओघळ खिशापर्यंत उतरला.

काकी ओघळाकडे बघत होती. मग काकांच्या तोंडाकडे. मग पुन्हा ओघळाकडे.

"चार महिने बसवून जेवायला घातलं," ती म्हणाली, "आणि काड्या धरायला शिकवलं नाही होय त्या फंगीनं?"

काका हसले आणि हसता हसता रडायलाच लागले, भर हॉटेलात, सगळ्यांदेखत, शर्टावर अंडं घेऊन. "बोल," ते म्हणत होते, "अजून बोल."

काकीचे डोळे भरून आले होते. तिनं त्यांच्या हातातल्या काड्या काढून घेतल्या आणि चमचा कोंबला.

"जेवा आधी," ती म्हणाली. "माझं बोलणं कुठं पळून जातंय?"